[मंडळ-यादी] तातडीचे: रविवारची फोरसम्स, एक जण कमी

प्रेषक: क्रीडा चिटणीस
गुरुवार, रात्री १०.५२

मंडळी नमस्कार,

आत्ताच पिंट्याचा फोन आला. घोटा सुजलाय, रविवारी मंडळाच्या गोल्फ दिवसाला जमणार नाही. विसर्जनाला ढोल घेऊन नाचला तो, असो.

म्हणजे २४चे २३ झालो. जोड्या बाराच्या साडेअकरा, आणि फोरसम्स म्हटलं की दोघांत एकच चेंडू, आलटून-पालटून मारायचा (नव्या लोकांसाठी सांगतोय). उद्या, शुक्रवारी संध्याकाळी ६च्या आत क्लबला नावं आणि हँडिकॅप (खेळाच्या पातळीनुसार मिळणारे सवलतीचे फटके) द्यायचे आहेत. कुणाचा मित्र, शेजारी, जावई असेल तर कळवा. हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे त्याचा अधिकृत आकडा, हवाच, ढालीसाठी खेळायचं तर त्याशिवाय चालणार नाही (२ वर्षांपूर्वीचा प्रकार पुन्हा नको).

वेळा ठरल्याप्रमाणे ८.०० पासून ८.४० पर्यंत, दर ८ मिनिटांनी चार जण. कॉलरचा शर्ट. जीन्स नको. मोबाइल क्लबहाऊसमध्ये काढायचा नाही, तो बाहेर पार्किंगमध्ये.

क्रीडा चिटणीस

---

प्रेषक: अप्पा
गुरुवार, रात्री ११.२०

पिंट्या माझा जोडीदार होता, म्हणजे हा प्रश्न माझा आहे हे आधी लक्षात घ्या.

दुसरं, मी गेल्या वर्षीही म्हटलं होतं आणि कुणी ऐकलं नाही. ५२ पौंड भरायचे, पहाटे साडेपाचला उठायचं, आणि फटके मारायचे अर्धे! चार जणांत चार चेंडू असते तर आज हा गोंधळच झाला नसता. २३ तर २३, प्रत्येकाचा चेंडू प्रत्येकाचा. बाकी सगळ्या गोल्फ सोसायट्या, म्हणजे आपल्यासारखे हौशी गट, असं फोरबॉल खेळतात. आपल्यालाच हा साहेबी सोस का?

अप्पा

---

प्रेषक: बंडू
गुरुवार, रात्री ११.३१

> पैसे भरायचे ५२ आणि फटके अर्धे

अप्पा, तुमचे अर्धे म्हणजे इतरांचे पूर्ण 😀

एक शंका. या फेरीचं कार्ड हँडिकॅपला धरतात का? मला ऑक्टोबरच्या आत १२च्या खाली यायचंय.

---

प्रेषक: नाना
शुक्रवार, सकाळी ६.०५

फोरसम्स आपण का खेळतो हे दर वर्षी सांगावं लागतं. पुन्हा सांगतो, आणि हा गोल्फ दिवस ज्याने सुरू केला त्याच्या नात्याने सांगतो.

आपल्याला मिळालेला क्लब रविवारी सकाळी १०च्या आत पहिल्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) एका गटाला फक्त दोन चेंडू सोडतो. हा नियम त्यांच्या सभासदांसाठीसुद्धा आहे. दोघंच जा, नाहीतर चौघं जा आणि दोन चेंडू खेळा. चौघांत दोन चेंडू म्हणजेच फोरसम्स. १०नंतरच्या वेळा सभासदांच्या. आपल्याला सकाळची जागा मिळते ती केवळ आपण फोरसम्स खेळायला तयार असतो म्हणून, आणि पाहुण्यांचा दरही त्यामुळेच उतरतो. फोरबॉल हवं असेल तर दुपारी २ वाजता जा, सप्टेंबरच्या अखेरीस शेवटचं होल अंधारात पट करा (चेंडू भोकात ढकला).

शिवाय वेळ. फोरबॉलला सव्वाचार तास, कधी साडेचार. फोरसम्स नीट खेळले तर पावणेतीन तासांत १८ होल आटोपतात, कारण ज्याची टी नाही त्याने आधीच पुढे जाऊन चेंडू पडेल तिथे उभं राहायचं असतं. नीट म्हणजे, दोघांनी मिळून टीवर उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. गेल्या वर्षी चौथ्या गटाने काय केलं ते सर्वांनी पाहिलंय.

"साहेबी सोस" या शब्दाबद्दल. सॅम्युअल रायडर हा साहेब असला तरी सेंट ऑल्बन्सला राहून एकेका पेनीला बियाण्यांची पाकिटं विकणारा माणूस होता. तिथल्याच व्हेरुलम क्लबचा सभासद. त्याच्या नावाच्या चषकात १९२७पासून पुढे कितीतरी वर्षं फोरसम्स आणि सिंगल्स एवढंच होतं. फोरबॉल त्यात आलं १९६३ साली. तेव्हा मूळ खेळ कुठला, ते ठरवा.

नाना

ता.क. मराठीत याला "चौकडी" म्हणावं असं मी २०११च्या स्मरणिकेत सुचवलं होतं.

---

प्रेषक: माई
शुक्रवार, सकाळी ७.४०

नाना, "चौकडी" नको. चौकडी म्हटलं की चांडाळ आपोआप पुढे येतो. आणि या खेळात महत्त्व चौघांना नाही, दोघांत एका चेंडूला आहे. फोरसम्सच म्हणा, पोरांनाही कळतं.

बंडू, नाही. फोरसम्सचं कार्ड हँडिकॅपला धरत नाहीत. तू मारलेले अर्धेच, तेही दुसऱ्याने आणून ठेवलेल्या जागेवरून. त्यावरून तुझा हँडिकॅप कसा काढणार? १२च्या खाली यायचं तर एखाद्या शनिवारी स्वतःच्या चेंडूचं कार्ड घालून खेळ.

---

प्रेषक: डॉक्टर
शुक्रवार, सकाळी ८.१५

नानांनी वेळेचा मुद्दा काढला म्हणून. मी एकदा पाहुणा म्हणून म्युअरफील्डला गेलो होतो, एडिंबरोच्या पूर्वेला. सकाळी स्वतःचा चेंडू, मग जॅकेट-टाय चढवून जेवण, आणि जेवणानंतर पाहुण्यांना फक्त फोरसम्स. जेवण कसलं, पंगत! तीन प्रकारचं मांस, पुडिंग, वर चीज. असं जेवून कुणी १८ होल स्वतःचा चेंडू मारू शकत नाही. अर्धेच फटके हा तिथला खरा उपचार आहे. वैद्यकीय सल्ला म्हणून घ्या.

आमचे वडील येरवड्याच्या कोर्सवर जायचे, सुट्टीत मी बॅगेमागून. तिथे वाद झाला की कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, जो सांगेल तो नियम. आपल्याकडे कॅडी नाहीत, त्यामुळे अकराव्या होलसारखे प्रकार होतात.

---

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, सकाळी ८.२१

> अकराव्या होलसारखे प्रकार

डॉक्टर, वर्ष उलटलं. सोडा आता.

---

प्रेषक: डॉक्टर
शुक्रवार, सकाळी ८.२९

मी सोडलंय. ढाल तुमच्या शोकेसमध्ये आहे म्हणून तुम्हाला रोज दिसत असेल, एवढंच.

नवीन लोकांसाठी: फायनल मॅचप्ले होती, जोडीविरुद्ध जोडी, एकेक होल जिंकत जायचं. अकराव्याला अप्पांचा टी-शॉट कुंपणापलीकडे, मेंढ्यांत. दुसरा चेंडू टीवर ठेवला तोही अप्पांनी आणि मारलाही अप्पांनीच. त्या वेळी आम्ही मेंढ्या बघत होतो.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, सकाळी ८.५८

पिंट्याचे ५२ पौंड क्लबला पोहोचले आहेत. परत मिळणार नाहीत. बदली खेळाडू आला तर त्याने पैसे कुणाला द्यायचे हे मी ठरवेन, परस्पर व्यवहार करू नयेत.

शाकाहारी न्याहारीचे ९ रोल सांगितले आहेत. बेकन रोल १५. ज्यांनी फॉर्ममध्ये काहीच लिहिलं नाही त्यांना बेकन.

---

प्रेषक: बंडू
शुक्रवार, सकाळी ९.०४

गेल्या वर्षीचा शाकाहारी रोल म्हणजे नुसता पाव होता आणि आत टोमॅटोची एक चकती. यंदा मशरूम तरी घालायला सांगा ना प्लीज.

आणि एक आयडिया: अप्पांना एकटेच खेळू द्या. एक विरुद्ध दोन. थ्रीसम म्हणतात ना त्याला?

---

प्रेषक: माई
शुक्रवार, सकाळी १०.१२

थ्रीसम आहे, पण तो सामना असतो: एकट्याचा एक चेंडू, समोरच्या दोघांचा आलटून-पालटून एक. रविवारी आपण सामना खेळत नाही, स्टेबलफर्ड खेळतोय, म्हणजे दर होलला गुण, सगळ्या जोड्या एकमेकांविरुद्ध. फोरबॉलमध्ये जोडीदार आला नाही तरी एकटा जोडीच्या वतीने खेळू शकतो. फोरसम्समध्ये तसं चालत नाही. आलटून मारायला पालटणारा हवा की नको? नियम २२ वाचा, दीड पान आहे.

आता अकराव्याबद्दल, एकदाच आणि शेवटचं. शाळेत ३१ वर्षं वाद मिटवलेत मी, हाही मिटवते.

टी-शॉट हद्दीबाहेर गेला की दंडाचा एक फटका चढतो, पण दंडाने पाळी बदलत नाही. अप्पांनी मारला, म्हणजे पुढचा फटका जोडीदाराचा, तो टीवरूनच. पहिला सापडेल की नाही अशी शंका असेल आणि प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारायचा असेल तर तोही जोडीदारानेच. अप्पांनी पुन्हा स्वतः मारला, पाळी चुकली. मॅचप्लेमध्ये त्याची शिक्षा होल गमावणं. म्हणजे अप्पा, ते होल तुमचं नव्हतं.

पण डॉक्टर, तुम्ही हरकत घेतलीत बारमध्ये, दुसऱ्या गिलासाला. मॅचप्लेमध्ये निर्णय मागायचा तो पुढच्या होलला कुणीही टी-शॉट मारायच्या आत. नंतर मागता येतो तो तेव्हाच, जेव्हा घडलेली गोष्टच तुम्हाला आधी माहीत नव्हती. नियम माहीत नव्हता, हे कारण धरत नाहीत. तुम्ही चौघं त्याच टीवर उभे होतात. मेंढ्या बघत होतो हेही धरत नाहीत.

तेव्हा ढाल अप्पांकडे राहिली ती बरोबर. आणि फटका चुकीचाच होता.

---

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, सकाळी १०.१८

माई, धन्यवाद. शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं.

जोडीदार कोण ते सांगा.

---

प्रेषक: नाना
शुक्रवार, दुपारी १२.१०

माईंचा निर्णय मान्य. मी त्या दिवशी बारमध्ये हेच म्हणत होतो, पण गोंगाटात ऐकू गेलं नसावं.

आणखी एक. फोरसम्समध्ये जोडीदाराला "सॉरी" म्हणायचं नसतं, ही जुनी रीत आहे. त्याने झाडीत घातला, तुम्ही बाहेर काढायचा. तुम्ही बंकरमध्ये घातला, तो काढणार. दोघांनाही माहीत असतं की मुद्दाम कुणी घालत नाही. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या दिवशी "सॉरी सॉरी" इतकं चाललं होतं की शेजारच्या फेअरवेवरच्या सभासदाने मला विचारलं, तुमच्यात कुणी आजारी आहे का?

---

प्रेषक: डॉक्टर
शुक्रवार, दुपारी १२.२२

मी घरी रोज म्हणतो, सवय आहे.

---

प्रेषक: क्रीडा चिटणीस
शुक्रवार, दुपारी १.३५

मंडळी, साडेचार तासही उरले नाहीत आणि अजून एकही नाव नाही. रोल, मेंढ्या, रायडर, सगळं झालं. कृपया नाव.

रेडिंगचे जावई येणार होते, त्यांचा इंडेक्स नाही. नसेल तर ३ फेऱ्यांची, म्हणजे ५४ होलची कार्डं लागतात, रविवारपर्यंत शक्य नाही.

---

प्रेषक: अप्पांकडची
शुक्रवार, दुपारी २.०२

नमस्कार. यादीवर पहिल्यांदाच लिहितेय.

माझा इंडेक्स १९.४ आहे. आयगोल्फवर (क्लबचे सभासद नसलेल्यांसाठीची योजना) काढलाय, मेपासून. हे मंगळवारी ब्रिज खेळायला जातात तेव्हा मी घराजवळच्या म्युनिसिपल कोर्सवर ऑफिसमधल्या दोघींबरोबर खेळते. कार्डं आहेत, नंबर चिटणिसांना वेगळा पाठवते.

जागा रिकामी असेल तर मी येते. मात्र यांच्याबरोबर नको. दुसऱ्या कुणाबरोबरही चालेल.

---

प्रेषक: बंडू
शुक्रवार, दुपारी २.०४

😮

---

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, दुपारी २.११

मंगळवारी योगा असतो ना?

---

प्रेषक: माई
शुक्रवार, दुपारी २.१५

वहिनी, शाब्बास. आणि नवऱ्याबरोबर नको म्हणता त्यात काही वावगं नाही. सनिंगडेल क्लबला मार्चमध्ये फोरसम्सची जुनी स्पर्धा होते, १९३४पासून, बाई-बुवा, हौशी-व्यावसायिक सगळे एकत्र. जॉयस वेदरेड १९३५ आणि १९३६ साली तिथे लागोपाठ जिंकली ती जॉन मॉरिसनला घेऊन, आणि तो काही तिचा नवरा नव्हता. वहिनी, माझ्या जोडीला या. माझा जोडीदार अप्पांकडे जाईल.

---

प्रेषक: नाना
शुक्रवार, दुपारी २.४०

थांबा. जोड्या चिठ्ठ्या टाकून काढल्या आहेत. गणपतीसमोर, आरतीनंतर, सर्वांदेखत, लहान मुलीच्या हातून. त्या आता मेलवर बदलायच्या नाहीत. माईंनी जोडीदार बदलला की उद्या डॉक्टर म्हणतील मलाही बंडू हवा. पिंट्याच्या जागी जो येईल तो पिंट्याची चिठ्ठी घेऊन येईल. आपली पद्धत हीच आहे.

वहिनींचं मनापासून स्वागत. इतकी वर्षं त्या ट्रॉली ओढत होत्या, आम्हाला वाटलं फिरायला येतात.

---

प्रेषक: डॉक्टर
शुक्रवार, दुपारी २.४६

मी म्हणणारच होतो, मला बंडू हवा.

---

प्रेषक: माई
शुक्रवार, दुपारी २.५५

नाना, चिठ्ठी माणसाच्या नावाची होती, खुर्चीची नव्हती. पिंट्या गेला, त्याची चिठ्ठी गेली. नवीन माणूस आला तर नवीन चिठ्ठी. पण मग २४ जणांच्या सगळ्याच पुन्हा टाकाव्या लागतील आणि वेळ नाही, हे मला मान्य.

---

प्रेषक: क्रीडा चिटणीस
शुक्रवार, दुपारी ३.२०

सगळ्या जोड्या बदलल्या तर सगळे हँडिकॅप पुन्हा काढावे लागतील. जोडीचा हँडिकॅप म्हणजे दोघांची बेरीज भागिले दोन. रविवारच्या कोर्सवर अप्पा २४, वहिनी २२ धरले तर ४६चे निम्मे २३, हे एक गणित मी आत्ता केलं. बाकी अकरा जोड्यांची कामावर बसून करायची माझी तयारी नाही. माझा मॅनेजर मागे उभा आहे.

वहिनी, विनंती आहे. पिंट्याची जागा घ्या ना.

---

प्रेषक: अप्पांकडची
शुक्रवार, दुपारी ४.०५

ठीक आहे. पण तीन गोष्टी इथेच, सगळ्यांसमोर ठरू देत, म्हणजे पहिल्या टीवर वाद नको.

एक. या कोर्सवर चारही पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांची छोटी होल, सम आकड्यांवर आहेत, २, ६, १२ आणि १६. मी वेबसाइटवर पाहिलं. सम होलची टी मी मारणार, विषमची यांनी. यांना लांब मारायची हौस आहे, यांच्या वाट्याला एकही छोटं होल नाही. माझा सात नंबरचा आयर्न सरळ जातो. एकदा ठरलं की फेरीभर तेच राहतं, मध्येच बदलता येत नाही, हे यांना माईंनी सांगावं.

दोन. चेंडू नवा. गॅरेजमधल्या बादलीतले, तळ्यातून काढलेले नकोत. नव्या होलला चेंडू बदलता येतो, तेव्हा ज्याची टी त्याचा चेंडू.

तीन. माझा पट चुकला तर यांनी "हं" म्हणायचं नाही. नानांनी "सॉरी" बंद केलं, तसं "हं" सुद्धा बंद.

---

प्रेषक: माई
शुक्रवार, दुपारी ४.१२

पहिली गोष्ट बरोबर. फेरीत एकाने विषम, दुसऱ्याने सम, शेवटपर्यंत तसंच. आणि वहिनी, तुम्ही तुमच्या लाल टीवरून मारा, अप्पा त्यांच्या टीवरून.

---

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, दुपारी ४.३०

म्हणजे अकरावं पुन्हा माझं.

मान्य. तिन्ही. पण बादलीतले सगळे चेंडू वाईट नाहीत, काही अगदी नवे आहेत, लोक पहिल्याच फटक्याला तळ्यात घालतात.

---

प्रेषक: डॉक्टर
शुक्रवार, दुपारी ४.३३

अकराव्याला मी माझ्या गटाला सांगून पाठीमागून बघायला थांबणार आहे. मेंढ्यांकडे पाठ करून.

---

प्रेषक: नाना
शुक्रवार, दुपारी ४.५०

थांबायचं नाही. पावणेतीन तास.

---

प्रेषक: क्रीडा चिटणीस
शुक्रवार, संध्याकाळी ५.४१

नावं क्लबला गेली. अप्पा आणि वहिनी ८.३२, डॉक्टर आणि त्यांचे जोडीदार त्यांच्याच गटात. (चिठ्ठीप्रमाणेच आहे, मी काही केलेलं नाही.)

सकाळी दव असेल, बूट वॉटरप्रूफ आणा. वहिनींसाठी न्याहारी काय?

---

प्रेषक: अप्पांकडची
शुक्रवार, संध्याकाळी ५.४८

बेकन. पिंट्याचे ५२ पौंड मी त्याला उद्या हळदीकुंकवाला त्याच्या बायकोच्या हाती रोख देते.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, संध्याकाळी ५.५०

रोख नको. मंडळाच्या खात्यात भरा, मी पिंट्याला पाठवतो. बेकन १६, शाकाहारी ८, कारण पिंट्याचा शाकाहारी होता.